बांधावरचा थाट

आईने तो रुमाल कधी उचलला, ते आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही. भाचीचा एकविसावा वाढदिवस होता. पौषातलं कोवळं ऊन, दादाच्या शेतातला विहिरीजवळचा निंब, खाली दोन सतरंज्या आणि त्यावर मधोमध आईच्या रुखवतातला पांढरा क्रोशाचा मोठा रुमाल. पितळी तांब्यात कापसाच्या वाळक्या फांद्या, कडेने शेवंती, एका बाजूला उलट्या ठेवलेल्या दुरडीवर केक. फोटो झाले, केक झाला, आता पानं मांडायची म्हणून आम्ही विहिरीवर हात धुवायला गेलो आणि परत येऊन पाहतो तर मधला रुमाल गायब. आईने तो चौघडी घालून, स्वतःच्या जुन्या टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवला होता आणि त्या जागी ट्रॅक्टरमधलं धुतलेलं चवाळं अंथरलं होतं. "बसा वं आता निवांत," ती पोरींना म्हणाली. भाचीचा चेहरा क्षणभर उतरला. तिने काही म्हटलं नाही, मीही नाही. भरीत सुरेख झालं होतं, सगळ्या पोटभर जेवल्या. पण ती चौघडी घातलेली घडी माझ्या डोळ्यांसमोरून बरेच दिवस हलली नाही.

इतकी वर्षं जपलेला तो रुमाल नेमका कोणासाठी जपला होता?

या सगळ्याची सुरुवात एका फोनने झाली. भाची जळगावला शिकते, होस्टेलवर राहते. तिच्या मैत्रिणीने शहराबाहेरच्या एका ठिकाणी पिकनिक केली होती. बुटकं टेबल, गाद्या, पांढरे पडदे, दिव्यांच्या माळा, सगळं तयार मिळतं. दोन तासांचे साडेचार हजार, खाणं वेगळं. भाचीकडे शिकवण्यांतून साठवलेले दोन हजार होते. दादा म्हणाला, "मग शेतात भरीत करू की. येऊ दे सगळ्यांना." त्यावर ती मला फोनवर जवळजवळ रडवेली होऊन म्हणाली, "आत्या, मला भरीत पार्टी नको गं. मला पिकनिक पाहिजे."

यातला फरक बाहेरच्याला कळायचा नाही, मला लगेच कळला. आमच्याकडे थंडी पडली की दर रविवारी कुठल्या ना कुठल्या शेतात भरीत होतंच. ट्रॉलीत बसून माणसं जातात, धूर होतो, आरडाओरडा होतो, जेवण तर असं होतं की दुसरीकडे कुठे मिळणार नाही. पण बसायला जे हाती लागेल ते. कोणी खताच्या गोणीवर, कोणी चपलेवर. कागदी प्लेटा वाऱ्याने उडून शेजारच्या हरभऱ्यात जातात. पुरुष वांगी भाजतात, ठेचतात आणि त्याचं कौतुक वर्षभर होतं, बायका मात्र कढईपुढून उठत नाहीत. भाचीला यातलं भरीत हवं होतं, उरलेलं नको होतं. आपल्यासाठी कोणीतरी आधी विचार केलाय, प्रत्येक गोष्ट कुठे असावी हे ठरवलंय, असं तिला एक दिवस वाटून घ्यायचं होतं. हल्लीच्या पोरींना फोटोचं वेड आहे असं म्हणून या इच्छेची बोळवण करणारे खूप भेटतात. मला ते पटत नाही. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, झोक्याच्या दोराला फुलं बांधणाऱ्या, गौराईपुढे आरास करणाऱ्या, भिंतीवर कानबाईदेवीसाठी गेरूचा हात फिरवणाऱ्या बायकांच्या घरात ती जन्मली आहे. चांगलं मांडण्याची हौस तिने मोबाइलमधून आणलेली नाही.

मी तिला म्हटलं, दोन हजारांतच करू. आणि चांगलं करू.

आमच्या गावापासून फैजपूर जवळ. डिसेंबर १९३६ मध्ये तिथे काँग्रेसचं अधिवेशन भरलं, खेड्यात भरलेलं पहिलं. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. धनाजी नाना चौधरींसारख्या इथल्या माणसांनी ते अंगावर घेऊन पार पाडलं, हे आमच्याकडे शाळकरी पोरालाही ठाऊक असतं. पण त्या अधिवेशनाच्या गोष्टीत माझं मन अडकतं ते वेगळ्याच जागी. गांधीजींनी शांतिनिकेतनहून नंदलाल बोसांना बोलावून घेतलं आणि त्या तात्पुरत्या वसाहतीच्या, टिळकनगरच्या, सजावटीचं काम त्यांच्यावर सोपवलं. अट एकच, की जे काही उभं राहील ते खेड्यात मिळणाऱ्या वस्तूंतून आणि खेड्यातल्या हातांतून. बोसांनी बांबूची प्रवेशद्वारं उभी केली. नेहरूंची मिरवणूक निघाली ती बैल जुंपलेल्या सजवलेल्या रथातून. देशाचे मोठमोठे पुढारी यायचे होते, तरी आमच्याच भागातला बांबू कमीपणाचा ठरला नाही. उलट गांधीजींनी भाषणात स्थापत्यकार म्हात्रे आणि नंदलाल बोस या दोघांना जाहीर श्रेय दिलं. हे मी भाचीला सांगितलं तेव्हा ती आधी गप्प बसली, मग म्हणाली, "म्हणजे आपल्याकडे थीम ऑलरेडी होती." मला तिचं ते वाक्य फार आवडलं.

मग आम्ही एक दिवस आधी नुसतं शेत हिंडलो. काय काय आहे ते पाहायला. गुलाबी बोंडअळीच्या भीतीने दादाने या वर्षी फरदड, म्हणजे त्याच झाडांवरचा उशिराचा कापूस, घेतली नव्हती; पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, डिसेंबरातच उपटून बांधावर रचून ठेवली होती. तिच्यात शेवटच्या वेचणीत राहून गेलेली बोंडं होती. कवडी कापूस, बाजारात ज्याला कोणी विचारत नाही. पण वाळून तपकिरी झालेलं, चार पाकळ्यांनी फाकलेलं बोंड आणि त्यातून अर्धवट बाहेर आलेला तो पांढरा फुटवा डोळ्यांजवळ धरून पाहा. पाकळीचं टोक सुईसारखं टोचतं, आतली बाजू मात्र नखासारखी गुळगुळीत. असल्याच फांद्या ऑनलाइन विकत मिळतात, शोभेच्या म्हणून. आम्ही चांगला भारा काढला. दादराच्या, म्हणजे रब्बी ज्वारीच्या, रानात कणसं नुकती भरत होती. दोन-चार ताटं मागितली तर दादाने कपाळाला आठी घातली आणि मग कडेची, पाखरांनी टोचलेली स्वतःच कापून दिली. उभ्या पिकाला शोभेसाठी हात लावणं त्याला जड जातं, आणि ते बरोबरच आहे. म्हणून आम्ही ठरवलं, जे पिकातून निघालेलं, पडलेलं, उरलेलं आहे तेवढंच घ्यायचं. त्यातून रंगही आपोआप ठरले: पांढरा, हिरवा, वाळक्या गवताचा पिवळा. त्याला एकच वेगळा रंग द्यायचा म्हणून पिवळी-तांबूस शेवंती विकत आणली. लाल पताका, फुगे, चमकी असं सगळं भाचीच्या यादीत होतं, ते तिनेच खोडलं. कमी पैशांत सगळ्यात आधी जे विकत घ्यावंसं वाटतं त्यातलं बहुतेक असंच असतं. स्वस्त असतं, चकाकतं आणि शेजारच्या चांगल्या वस्तूलाही फिकं करून टाकतं.

उरलेलं घरातून निघालं. माळ्यावरचे पितळी तांबे, त्यांना चिंच लावून घासायला अर्धा दिवस गेला. आईच्या मऊ झालेल्या दोन सुती साड्या, निंबाच्या फांदीवरून सुतळीने बांधून मागे सोडलेल्या. वारा आला की त्या फुगायच्या, म्हणून खालच्या काठात विहिरीजवळचे गोटे गुंडाळून गाठी मारल्या. एक बाज आणली, तिच्यावर गोधडी. मैत्रिणींपैकी एकीने तर केकच्या आधी गोधडीचेच फोटो काढले. वहिनी तिला सांगत होती, हे आमच्या सासूबाईंचं लुगडं, हा माझ्या दिराच्या शाळेचा सदरा, हे पडद्याचं कापड. ती पोरगी प्रत्येक तुकड्यावर बोट ठेवून ऐकत होती.

केळीच्या पानांचं मात्र सगळं श्रेय वहिनीचं. रावेर-यावलच्या पट्ट्यात राहून केळीचं पान आणायला किती वेळ लागतो, असं कोणालाही वाटेल. घड असलेल्या झाडाची पानं दादा कापू देत नाही, घड पोसायला ती लागतात. घड उतरवलेल्या झाडांची घ्यायची. त्यातही कडेच्या ओळींतली वाऱ्याने चिरफळ्या झालेली असतात, अख्खं पान हवं तर बागेच्या पोटात शिरावं लागतं. आत हिरवा अंधार असतो, ठिबकच्या नळ्यांत पाय अडकतो, थंडगार ओल गुडघ्यापर्यंत चढते. वहिनीने विळ्याने पान कापलं की लगेच आडवं ठेवलं नाही. कापलेलं टोक खाली करून बांधाला टेकवून उभं केलं, चीक निथळेपर्यंत. केळीच्या चिकाचा डाग आधी दिसत नाही, वाळला की तपकिरी होतो आणि मग कापड फाटलं तरी तो जात नाही. बागेत राबणाऱ्या प्रत्येकाचे कामाचे कपडे वेगळे असतात ते त्यासाठीच. चीक निथळल्यावर तिने पान ओल्या फडक्याने पुसलं आणि भरताच्या जाळावरून हलकेच फिरवलं. पानाचा रंग डोळ्यांदेखत गडद होतो, वर तेलाचा हात फिरवल्यासारखी चमक येते आणि कडक पान मऊ पडतं, दुमडलं तरी चिरत नाही. कुठल्याही भाड्याच्या टेबलावर मी इतकं देखणं ताट पाहिलेलं नाही.

खरी बोलाचाली झाली ती पुरीवरून. भरीत म्हटलं की आमच्याकडे पुरी. पण पुरी गरमच हवी, म्हणजे कोणीतरी कढईपुढे बसणार, कोणीतरी लाटणार, आणि ते कोणीतरी म्हणजे आई आणि वहिनी. इतकी आरास करायची आणि घरातल्या दोन बायकांनी ती धुरातून लांबून पाहायची, हे मला नको होतं. म्हणून मी कळण्याच्या भाकरीचं काढलं. ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेलं पीठ घरात होतंच. भाकरी सकाळी घरी करून फडक्यात बांधून नेता येतात, दुपारपर्यंत मऊ राहतात आणि भरताबरोबर तर माझ्या मते पुरीहून सरस लागतात. आईला ते मुळीच पटलं नाही. "पाव्हन्या पोरी येतीन आन् त्याहिले भाकर देशीन?" वाढदिवसाला भाकरी म्हणजे तिच्या लेखी हात आखडणं. शेवटी भाचीनेच निकाल लावला. म्हणाली, "आजी, तू माझ्याशेजारी बसणार असशील तर भाकरी. नाहीतर मी जेवणारच नाही." आई कुरकुरत तयार झाली. माझ्या दृष्टीने त्या दिवसातली सगळ्यात महत्त्वाची सजावट हीच होती, की आई आणि वहिनी दोघी पहिल्या पंगतीला बसल्या.

वांगी बामणोदची. भरताचं वांगं म्हणजे फिकट हिरवं, पांढऱ्या रेघांचं, हातात धरलं तर तळवा भरून उरावा एवढं. बी कमी, गर जास्त. जळगावच्या भरताच्या वांग्याला आणि केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या कितीतरी आधीपासून नाशिक-पुण्याच्या नातेवाइकांना इथून वांग्यांच्या पिशव्या जात आल्या आहेत. दादाने पऱ्हाट्यांचा ढीग पेटवला. पऱ्हाटी पटकन पेट घेते, तिचा जाळ उंच आणि तिखट असतो. गोवरीवर वांगं नुसतं शिजतं, पऱ्हाटीवर ते भाजतं. दर दोन मिनिटांनी लांब काठीने उलथवायचं. साल आधी काळी पडते, मग फुगते, मग एका जागी फुटून तिथून पाण्याचा बुडबुडा येतो आणि चर्र आवाज होतो. तो आवाज आला की दादा सगळ्यांना गप्प करतो. देठ धरून वांगं बाहेर काढायचं, बोटं पाण्यात बुडवत बुडवत साल सोलायची. आतला गर हिरवट-पिवळा, वाफाळणारा, धुराने भरलेला. मग तो लाकडी बडगीत घालून भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायचा, तेलात शेंगदाणे तळून, कांद्याची पात आणि कोथिंबीर घालून परतायचा. या वेळी बडगी भाचीच्या मैत्रिणींनी हातात घेतली. एकीचं घड्याळ भरताने माखलं, दुसरीच्या डोळ्यांत मिरचीची वाफ गेली. ठरवून मांडलेल्या सगळ्या देखाव्यापासून जरा लांब, धुरात, केस विस्कटलेले, असे त्यांचे जे फोटो निघाले, तेच आता त्यांच्या खोलीतल्या भिंतीवर आहेत असं भाची सांगते.

हिशेब सांगायला हवा, कारण सगळं त्यावरच अडलं होतं. वांगी तीनशेची, तेल एकशे साठ, शेंगदाणे सत्तर, मिरची, पात, कोथिंबीर, लसूण मिळून एकशे वीस. शेवंती साठ, सुतळी तीस. केक गावातल्या बेकरीतला साडेतीनशेचा, मुलींना स्टँडवरून शेतापर्यंत आणणारी आणि परत सोडणारी रिक्षा तीनशे. एकूण तेराशे नव्वद. भाकरीचं पीठ, ताक, गूळ घरचं. घरचं म्हणजे फुकट नव्हे, हे दादाच्या बहिणीला तरी विसरता येणार नाही. ज्याच्याकडे शेत नाही त्याने काय करावं, असं कोणी विचारेल. शेत नसलं तरी कुणाचा तरी बांध असतो, मेहरूण तलावाची कड असते, सुकी धरणाचा काठ असतो, पाटणादेवीचं रान असतं. आणि माळ्यावरची पितळी भांडी, पेटीतल्या चादरी शहरातल्या घरातही असतात.

तर पेटी. रुमाल तिथूनच आला होता आणि परत तिथेच गेला.

आईच्या लग्नात रुखवत मांडलं होतं, त्याचा एक काळा-पांढरा फोटो आहे. क्रोशाचे रुमाल, मण्यांचं तोरण, काडेपेट्यांचं घर, शंखांचा ससा, कापसाचं बदक, आणि मागे भिंतीवर ताणून लावलेला हाच मोठा रुमाल. रुखवत म्हणजे काय, तर जवळ पैसा नसलेल्या घरातल्या पोरींनी सुया, दोरे आणि रिकाम्या दुपारी यांवर उभी केलेली आरास. मांडवात एक दिवस सगळ्यांनी पाहायची, नावाजायची. त्यानंतर ती पेटीत. आईने त्या रुमालाचा दोरा लग्नाआधी दोन वर्षं जमवला होता, असं ती सांगते. मग सासरी मोठं कुटुंब, पाहुण्यांचा राबता, पोरं, दुखणी, आणि दर वेळी वाटत गेलं की आत्ता नको, काहीतरी चांगलं असेल तेव्हा काढू. आमची लग्नं झाली तेव्हा ती म्हणाली, गर्दीत कोणी ओढील. दादाचं घर बांधून झालं तेव्हा म्हणाली, रंगाचा वास जाऊ दे. भाचीने मागितला तेव्हा मात्र एका शब्दाने नाही म्हटलं नाही, मुकाट्याने किल्ली दिली. त्यामुळेच तिने तो जेवणाआधी उचलून घेतला तेव्हा मला जास्त लागलं. वाटलं, आपली नात, आपलं शेत, एकविसावं वर्ष, याहून चांगलं काय व्हायचं आहे आता?

रात्री भांडी घासताना मी तिला विचारलंच. ती राख लावलेला तांब्या फिरवत राहिली. मग म्हणाली, "पोरी हात आखडून बसल्या व्हत्या. एकीनं घास उचलला नं खाली दुसरा हात धरला. भरीत खातांना तेल तर सांडनच. डाग पडला असता तं जिच्या हातून पडला तिले ते वर्षभर लागलं असतं. मंग कायले ते?"

मी तिच्याकडे पाहत राहिले. पोरींच्या हाताकडे मी पाहिलंच नव्हतं, कोणीच पाहिलं नव्हतं. फोटोत ते दिसत नाही, पण नंतर मोबाइलवर मोठं करून पाहिलं तेव्हा एका चित्रात खरंच दिसलं, केकचा तुकडा धरलेल्या बोटांखाली दुसरा तळवा पसरलेला. भाड्याने आणलेल्या पांढऱ्या पडद्यांमध्येही पोरी अशाच बसत असतील का, नुकसानभरपाईच्या धाकाने? इतकं मांडून ज्यांच्यासाठी मांडलं त्यांनाच मोकळं बसता येत नसेल तर ते उचलून ठेवणारीच यजमानीण खरी.

तरीही आईचं म्हणणं मी पूर्ण स्वीकारलेलं नाही. त्यात तिचं मोठेपण आहे, तसंच स्वतःच्या हातचं चांगलं ते जन्मभर दुसऱ्याच्या सोयीने बाजूला सारण्याची सवयही आहे, आणि यातलं एक वेगळं काढून दाखवता येत नाही. भाचीचा राग त्याच दिवशी गेला. तिने उपाय काढला तो असा: रुमाल अंथरायचा नाही, मागे टांगायचा, रुखवतात टांगला होता तसा. तिथे त्याला तेल लागणार नाही, आणि ज्याला हात लावून पाहायचंय त्याने धुतलेल्या हाताने पाहावं. आई म्हणाली, वाऱ्याने फाटला तर? मग दोघींची त्यावर बरीच चर्चा झाली, कुठल्या बाजूला काठी घालायची, किती टाके घालायचे, काठी बांबूची की शेवरीची. पंचाहत्तरीच्या बाईने एका पोरीशी आपल्याच विणकामाच्या ताकदीवर इतका वेळ हुज्जत घालावी, हे मी पहिल्यांदाच ऐकत होते.

उरलेले सहाशे दहा रुपये भाचीने आखाजीसाठी राखून ठेवले आहेत. वैशाखात इथे दिवसा बाहेर बसायची सोयच नाही, भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिसाच्या घरात जातो, म्हणून ऊन कलल्यावर निघायचं, निंबाला झोका बांधायचा, घरून सांजोऱ्या आणि माठातलं पाणी न्यायचं असं ठरतंय. आमरस असेल, म्हणजे पुरी लागेल, आणि पुरी म्हटलं की कढई आलीच. दादा म्हणतो, "मी तळतो." वहिनीने त्याच्याकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, तळाल हो, पण लाटेल कोण? तेव्हापासून दर रविवारी संध्याकाळी दादा पोळपाटाशी उभा असतो. त्याच्या पुऱ्या अजून गोल येत नाहीत, पण फुगतात. भाचीने त्याला सांगून टाकलंय, गोल नकोच बाबा, फक्त सगळ्या सारख्या असू दे, आणि झोक्याचा दोर नायलॉनचा आणू नका, सुती आणा, फुलं त्यालाच नीट बांधता येतात.